घासलेल्या सुईची घासाघीस

झवेरी बाजार असो की अँटवर्प, हिरा निर्दोष आहे की नाही याचा निवाडा 10 पट भिंगातून होतो. मुरलेल्या पारख्याने भिंगातून बघितलं, डाग दिसला नाही, की हिरा निर्दोष. हाच न्याय रेकॉर्ड प्लेअरच्या पिनेला लावला, तर पंचवीस गणपती मांडवात राबून आलेली पिनसुद्धा पुराव्याअभावी निर्दोष सुटेल. स्टीरिओ एलपीच्या साध्या गोल पिनेच्या टोकाची त्रिज्या 18 मायक्रॉनच्या आसपास असते. 10 पट केली तरी ती भरते 0.18 मिलिमीटर. एवढ्याशा ठिपक्याची एक कड सपाट झाली आहे का, हे नुसत्या भिंगातून सांगू शकणाऱ्याने हिऱ्यांच्या धंद्यात वेळ घालवू नये, सरळ पत्रिका बघायला बसावं.

तरीही वापरलेली फोनो कार्ट्रिज विकत घेणाऱ्यांचा एक पंथ जगभर आहे आणि एलपीचे दिवस पुन्हा आल्यापासून त्याला नवे अनुयायी मिळताहेत. टोनआर्मच्या तोंडाशी बसवलेली बोटाच्या पेराएवढी डबी म्हणजे कार्ट्रिज. आत तारेची वेटोळी आणि लोहचुंबक, खाली कँटिलीव्हर नावाची बारीक दांडी, दांडीच्या टोकाला हिरा. डबी दिसते, कंपनीचं नाव दिसतं, मॉडेल नंबर दिसतो. ज्याच्या जिवावर सगळा डोलारा उभा तो हिरा तेवढा दिसत नाही. मग गिऱ्हाईक काय बघतं? विकणाऱ्याचा चेहरा.

चेहऱ्यांचे प्रकार ठरलेले आहेत. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, कर्ण्याचे ग्रामोफोन आणि पितळी दिवे यांच्या मधोमध बसलेला विक्रेता कुठल्याही प्लेअरकडे बोट दाखवलं की एकच वाक्य बोलतो, "चालू कंडिशन है साब." हे वाक्य खोटं नसतं. तबकडी फिरते, दिवा लागतो, पिन टेकवली की आवाज येतो. 'चालू' या शब्दात त्याहून जास्त काही सामावलेलं आहे, असं त्याने कधीच म्हटलेलं नसतं. पुण्याच्या जुन्या बाजारातला विक्रेता आणखी प्रामाणिक. तो म्हणतो, "मला त्यातलं काही कळत नाही, घ्यायचं तर घ्या." आणि तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा: सुशिक्षित, सज्जन, सदाशिव पेठेतला वारस.

"बाबांनी जिवापाड जपलेली वस्तू आहे हो."

"वापर किती होता, काका?"

"छे, वापर कसला! रोज सकाळी चहाबरोबर एक रेकॉर्ड. बस्स."

"किती वर्षं?"

"अगदी जाईपर्यंत. पंचवीस तरी झाली असतील."

"मधे पिन बदलली होती का?"

"बदलायची कशाला? वाजत होती की!"

गिऱ्हाईक मान डोलावत मनात गणित मांडतं. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून 40 मिनिटं. वर्षाचे 243 तास. पंचवीस वर्षांचे सहा हजारांवर. हिऱ्याच्या पिनेचं आयुष्य सर्वसाधारणपणे 500 ते 1000 तास धरतात. म्हणजे अगदी सढळ हाताने मोजलं तरी बाबांच्या पिनेचे सहा जन्म होऊन सातवा लागला होता. वटसावित्रीला एवढं पुरतं. रेकॉर्डला पुरत नाही.

काकांचं "वाजत होती की" हे मात्र अगदी खरं, आणि या धंद्यातली सगळी गोम तिथेच आहे. झिजलेली पिन वाजायची थांबत नाही. दिवा गेला की कळतं, पंखा बंद पडला की कळतं. पिन एकेका रेकॉर्डमागे कणाकणाने बिघडते आणि कान तिच्याबरोबर कणाकणाने सवय लावून घेतो. बाबांना पंचवीस वर्षांत एकाही सकाळी कालच्यापेक्षा वाईट ऐकू आलं नसणार.

ग्रामोफोनच्या काळात ही भानगड नव्हती. 78च्या तबकड्या लाखेच्या, आणि लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच त्या पुडीवर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, अशीच योजना होती. बाजू संपली, सुई टाकली. एचएमव्हीच्या 200 सुयांच्या चपट्या पत्र्याच्या डब्या आजही चोरबाजारात मिळतात, बहुतेक रिकाम्या. त्या पिढीत झिजेबद्दल कुणाच्या मनात संशय नव्हता, कारण झीज हाच नियम होता. काटकसरी माणूस एका सुईवर चार बाजू वाजवायचा, पण आपण पाप करतोय हे त्याला ठाऊक असायचं.

घोळ झाला तो हिरा आल्यावर. 'हिरा कायमचा असतो' या अर्थाची डी बिअर्स कंपनीची प्रसिद्ध जाहिरात लिहिली गेली 1947 साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने एलपी बाजारात आणली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण माणसांच्या डोक्यात तो जोडला गेला असावा. हिरा म्हटल्यावर झिजायचा प्रश्नच कुठे येतो? तेही विनाइलसारख्या मऊ प्लास्टिकवर? 1954 साली हॅरल्ड वायलर या अमेरिकन गृहस्थांनी पिनांच्या आणि रेकॉर्डच्या झिजेवर मायक्रोस्कोपमधून काढलेल्या फोटोंसकट अख्खं पुस्तक लिहिलं. अमेरिकेत दुकानांतून मायक्रोस्कोप मांडून लोकांच्या पिना तपासून द्यायचे. दुकान पिना विकणारं आणि तपासणी फुकट. निकाल काय लागत असेल हे सांगायला नको, पण तो बहुधा बरोबरही असणार.

हिरा झिजतो कसा, याचा हिशेब करून बघावा. एलपीची एक बाजू 20 मिनिटांची धरली तर तबकडी 667 फेरे घेते, आणि ती एकच एक नागमोडी खाच उलगडली तर साधारण 430 मीटर भरते. तासाला 1.3 किलोमीटर. वेग म्हाताऱ्या माणसाच्या शतपावलीचा, पण 1000 तासांत अंतर पडतं 1300 किलोमीटर. मुंबई सेंट्रलहून राजधानीत बसलेला माणूस एवढ्यात मथुरा ओलांडतो. हा सगळा प्रवास पिन बसून नाही, घासत करते. तिच्यावरचं वजन दीड-दोन ग्रॅमच, पण ते पेललेलं असतं खाचेच्या दोन भिंतींना टेकलेल्या दोन सूक्ष्म ठिपक्यांवर. दाब काढला तर दर चौरस सेंटिमीटरला हजारो किलो भरतो. त्यात धूळ. भारतातल्या घराची, खिडक्या उघड्या असलेल्या घराची, समोर इमारतीचं काम चालू असलेल्या घराची धूळ.

आणि दीड-दोन ग्रॅम हे झालं पुस्तकातलं वजन. मराठी घरात ते आण्यांत मोजलं जायचं. रेकॉर्ड जरा वाकडी झाली, पिन उडू लागली, की टोनआर्मच्या डोक्यावर नाणं ठेवायची रीत होती. त्या काळची तांब्या-निकेलची नाणी घेतली तर चार आण्यांचं, म्हणजे 25 पैशांचं, नाणं अडीच ग्रॅमचं आणि आठ आण्यांचं 5 ग्रॅमचं. दोन ग्रॅमसाठी बनवलेल्या पिनेवर आठ आणे ठेवले की ती सात ग्रॅमने नांगरायला लागते. रेकॉर्ड उडायची बंद होते, घरात समाधान पसरतं आणि आशा भोसले हळूहळू खाचेतून खरवडून बाहेर पडतात. म्हणून जाणतं गिऱ्हाईक "वापर किती?" असं विचारतच नाही. ते गप्पांच्या ओघात सहज विचारतं, "नाणं ठेवावं लागायचं का हो?" समोरचा खुशीत येऊन म्हणतो, "हो तर! त्याशिवाय वाजायचीच नाही. रुपया ठेवायचो आम्ही." तेवढं ऐकून गिऱ्हाईकाने चहा संपवावा आणि उठावं.

लाउडस्पीकरवाल्याकडून आलेला माल तर वेगळाच. लग्न, सत्यनारायण, गणेशोत्सव, निवडणूक असं सगळं पाहून झालेली ती पिन असते. त्यातल्या जुन्या प्लेअरना क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असायचं, वजन पाच-सात ग्रॅम, आणि बाजूला एक छोटा खटका: एका बाजूला 78, दुसऱ्या बाजूला एलपी. खटका फिरवायला विसरलं की 78ची जाडजूड पिन एलपीच्या बारीक खाचेवर चालायची. बरं, अशा प्लेअरची पिन पुष्कळदा हिऱ्याची नसायचीच, नीलमण्याची असायची. ऐकायला राजेशाही, पण आयुष्य पन्नास-साठ तासांच्या घरातलं. दहा दिवसांच्या गणपतीत रोज सहा तास म्हटलं तरी विसर्जनाच्या मिरवणुकीआधीच तिचं विसर्जन झालेलं असायचं. पुढची वर्षं वाजत होतं ते काय, हे मंडळालाच ठाऊक.

क्रिस्टल कार्ट्रिजची आणखी एक गंमत. त्याच्या आतला स्फटिक रोशेल सॉल्टचा, आणि हे मीठ दमट हवेत पाणी शोषून घेतं. कोरड्या प्रदेशात ते बरी वर्षं काढत असेल. कोकणात, जिथे जूनमध्ये पापड मऊ पडतात आणि सप्टेंबरपर्यंत चपलांना बुरशी येते, तिथे त्याचं काय होणार? रत्नागिरीकडच्या माळ्यावरून उतरवलेला प्लेअर "एकदाही वापरला नाही" म्हणून विकायला येतो, ते शंभर टक्के खरं असतं, आणि तरी त्यातून आवाज येत नाही. पिन अक्षत, स्फटिक विरघळलेला.

"न वापरलेलं" हा शब्दच या बाजारात सर्वांत महाग विकला जातो. चाळीस वर्षं डबीत सीलबंद पडलेली अस्सल पिन दिसली की पंथातल्या माणसाचे हात थरथरतात. पण हिऱ्याच्या मागे, कँटिलीव्हर जिथे रुतलेली असते तिथे, रबराची एक बारीक चकती असते. सगळी लवचीकता तिच्यावर. रबराला वापराशी कर्तव्य नाही, ते वयाने म्हातारं होतं. कधी कडक होतं, मग पिन खाचेत हिंदकळते. कधी ढिलं पडतं, मग कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला टेकतं आणि गाण्याऐवजी खरवडल्याचा आवाज येतो. तेव्हा बाजूने, डोळा तबकडीच्या पातळीला आणून बघावं: पिन टेकवल्यावर दांडी किती दबते, समोरून बघताना ती सरळ आहे की एका अंगाला कललेली. या तपासणीला पैसे लागत नाहीत, फक्त चोरबाजारातल्या फुटपाथवर ओणवं होऊन एक डोळा मिटावा लागतो. बघ्यांची सोय आपोआप होते.

झीज बघायची तर मात्र मायक्रोस्कोपच लागतो, आणि तो घेतला की माणूस बदलतो. संगणकाला जोडायचे स्वस्त मायक्रोस्कोप मिळतात, डब्यावर '1000 पट' छापलेलं असतं. प्रत्यक्षात 200 पट मिळाले तरी काम भागतं. पिन त्याखाली धरायची आणि एका बाजूने उजेड पाडायचा. नवी पिन असेल तर गोल टोकावर उजेडाचा एक टिंब दिसतो, पिन जरा फिरवली की तोही गोलाईवरून घरंगळत जातो. झिजलेल्या पिनेवर टोकाच्या दोन्ही अंगांना, खाचेच्या भिंती जिथे घासतात बरोबर तिथे, दोन लंबगोल सपाट खिडक्या चमकतात. पिन फिरवली की त्या सरकत नाहीत, एका ठरावीक कोनात एकदम पेटतात आणि विझतात. खिडक्या लहान असतील तर अजून जीव आहे. खिडक्यांना धारदार कडा आल्या, समोरून टोक पाचरीसारखं दिसू लागलं, की ती पिन राहिलेली नाही, पटाशी झालेली आहे. ती रेकॉर्डमधला आवाज वाचत नाही, तासून काढते.

हे सगळं स्पष्ट दिसतं, फक्त एक अट आहे: पिन स्वच्छ हवी. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली जे दिसतं तो हिरा नसतोच. तो असतो धुळीचा, तंतूंचा आणि कुणीतरी प्रेमाने रेकॉर्डला चोळलेल्या खोबरेल तेलाचा काळाकुट्ट गोळा. त्या गोळ्याकडे बघून कितीतरी चांगल्या पिना 'झिजलेल्या' म्हणून मातीमोल भावात विकल्या गेल्या असतील. भिंती पुसायचा पांढरा मेलामाइन स्पंज मिळतो, त्याच्या तुकड्यावर पिन वरून हलकेच दोन-चारदा टेकवून उचलली की गोळा निघतो. आडवी ओढायची नाही. ब्रश फिरवायचा तर मागून पुढे, पुढून मागे कधीच नाही. आणि बोट? बोट लावून बघणाऱ्याला पंथात प्रवेश नाही.

मग काही दिवसांनी असं होतं, की मायक्रोस्कोप, स्पंज, पिनेचा भार तोलायचा सूक्ष्म काटा, ओम मोजायचा मीटर आणि तपासणीची खास रेकॉर्ड एवढी सामग्री जमते. शुअर कंपनीच्या 'ऑडिओ ऑब्स्टॅकल कोर्स' या रेकॉर्डवर तर पिनेची परीक्षाच असते, एकाच वाद्याचा आवाज पायरीपायरीने मोठा होत जातो आणि कितव्या पायरीला पिन फाटते ते बघायचं. या सगळ्याचा खर्च मांडला तर त्यात एक बरं नवं कार्ट्रिज आलं असतं. पण हा हिशेब घरात कुणी मांडायचा नसतो. जुन्या वस्तूंतून पैसे वाचवणाऱ्या माणसाला हत्यारांचा खर्च दिसत नाही, तसा डोळा त्याला दिलेलाच नाही.

राहता राहिले कान. कान फुकट आहेत, पण कानाची परीक्षा देताना एक पेच पडतो. विकणाऱ्याकडच्या रेकॉर्डवर पिन वाजवून बघितली आणि 'स' फाटला, तर दोष पिनेचा की त्या पिनेने आधीच नांगरलेल्या रेकॉर्डचा, हे कळत नाही. म्हणजे आपली स्वतःची, स्वच्छ, फारशी न वाजवलेली रेकॉर्ड न्यायला हवी. पण समोरची पिन खरोखरच पटाशी निघाली तर? तर निकाल बिनचूक लागतो आणि रेकॉर्ड कामातून जाते. सत्याग्रहीच्या निष्ठेने आपली एलपी पणाला लावणारे लोक आहेत. बाकीचे शेजाऱ्याची मागून नेतात.

आणि न्यायची तर ख्यालाची न्यावी. ही पाश्चात्त्य पुस्तकांत न सापडणारी गोष्ट आहे, पण कुणालाही ताडून बघता येईल. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच पिनेखालून सेकंदाला 51 सेंटिमीटर वेगाने सरकते, तर अगदी आत, लेबलाजवळ, 21 सेंटिमीटरने. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. नवी पिन तिथेही वाट काढते, झिजलेली अडखळते. आता ख्यालाची मांडणी बघा. सुरुवातीला संथ आलाप, तेव्हा पिन बाहेर, ऐसपैस. जसजसा राग रंगतो तसतशी ती आत सरकते, आणि गवई द्रुतात शिरून तानांचा पाऊस पाडायला लागतो तेव्हा नेमकी सर्वांत अरुंद गल्लीत पोचलेली असते. भीमसेन जोशींची तान आणि झिजलेली पिन यांची गाठ तिथे पडते. जिंकतं कोण, हे दारातून आत आलेल्या माणसालाही ऐकू येतं.

फक्त तानपुऱ्याने फसू नये. झिजलेली पिन मूळ आवाजात नसलेले वरचे स्वर भरीला घालते, आणि तानपुऱ्यावर ते पडले की जवारी भलतीच खुललेली वाटते. "जुन्या पिनेचा आवाज काय भरदार असतो बघा!" असं म्हणणारे जाणकार भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्याकडची पिन विकत घेऊ नये, एवढं पुरे.

शेवटी शहाणा माणूस कुठे येऊन ठेपतो? पिन विकत घ्यायचीच नाही, डबी घ्यायची. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये पिनेचा भाग ओढून वेगळा निघतो आणि नवा बसवता येतो. डबीतल्या तारा आणि गाभा यांना झीज म्हणावी अशी नसते, मीटर लावून दोन्ही बाजूंची वेटोळी शाबूत आहेत एवढं बघितलं की झालं. मागचे चार खुंट पांढरा, निळा, लाल, हिरवा: पहिले दोन डाव्या बाजूचे, दुसरे दोन उजव्या. शुअरचं व्ही 15 टाइप 3 हे 1973चं कार्ट्रिज याचं नामी उदाहरण. शुअरने 2018 साली कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. पण जपानच्या ह्योगो प्रांतात जिको नावाची कंपनी आहे. 1873 मध्ये ती शिवणाच्या सुया करायची, आता रेकॉर्डच्या करते, आणि मूळ कंपनीने सोडून दिलेल्या शेकडो मॉडेलांना तिच्या नव्या पिना बसतात. डबी अमेरिकेतली, हिरा जपानचा, रेकॉर्ड डमडमच्या कारखान्यातली आणि गाणं माणिक वर्मांचं. काही बिघडत नाही.

मूव्हिंग कॉइल प्रकाराचं मात्र तसं नाही. तिथे पिन आणि डबी यांची ताटातूट करता येत नाही. डेनॉनचं डीएल-103 घ्या. जपानच्या एनएचके या नभोवाणीसाठी 1964 मध्ये घडवलेलं, साध्या गोल टोकाचं, अडीच ग्रॅम भाराचं, आणि आजही तसंच बनतं. ते झिजलं की एकतर नवं आणायचं किंवा कारागिराकडे पाठवून टोक बदलून घ्यायचं. न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किल गावात साउंडस्मिथ नावाचा असा कारखाना आहे, त्यांनी तर निवडुंगाच्या काट्याची कँटिलीव्हर करून दाखवली आहे. तेव्हा वापरलेलं मूव्हिंग कॉइल घेताना किंमत शून्य तासांच्या हिऱ्याची नव्हे, शून्य हिऱ्याची धरावी. टोक बदलायचा खर्च वजा करून जे उरेल तेवढंच द्यावं. बहुतेक वेळा काही उरत नाही.

परदेशातून मागवणाऱ्यांची गोष्ट आणखी न्यारी. जपानी लिलावात 'जंक' म्हणून चक्क वेगळा वर्ग असतो आणि त्याखाली ठरलेली ओळ, 'नो क्लेम, नो रिटर्न'. एवढा स्वच्छ व्यवहार जगात दुसरीकडे नाही. उलट इकडचा विक्रेता दहा फोटो टाकतो. एकात कंपनीचं नाव, एकात डबीचं झाकण, एकात मूळ बिल, एकात मागे टीव्हीवर ठेवलेला गणपती. खालून, पिनेच्या बाजूने काढलेला फोटो एकच, आणि त्यात पिन सोडून सगळं स्पष्ट. मागितला की उत्तर येतं, "मोबाइलमध्ये नीट येत नाही हो." न्यू जर्सीतले मराठी लोक गॅरेज सेलमध्ये उभे राहून हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवतात. खिशातून भिंग काढतात, आणि 10 पटच असल्यामुळे काहीही दिसत नसताना गंभीर चेहऱ्याने "हं" म्हणतात. या "हं"मुळे किंमत उतरते, असा त्यांचा अनुभव आहे.

एवढ्या छाननीतून पार पडलेली पिन बरेचदा झिजून मरतच नाही. ती मरते शर्टाच्या बाहीने, साडीच्या पदराने, धूळ पुसायच्या फडक्याने, किंवा "बघू, बघू" म्हणत पुढे आलेल्या पाहुण्याच्या बोटाने. कँटिलीव्हर ही अॅल्युमिनियमची पोकळ नळी किंवा बोरॉनची काडी. पहिली वाकते, दुसरी टचकन तुटते. मायक्रोस्कोपखाली धरताना तुटलेल्या पिनांची संख्या मोठी असावी, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही. या दुर्घटनांतूनच बिनपिनेच्या डब्यांचा पुरवठा होतो, आणि शहाण्यांना तर नेमक्या त्याच हव्या असतात.

ही बातमी मटण स्ट्रीटला पोचायला वेळ लागला नाही. पूर्वी तुटकी कार्ट्रिजं एका पत्र्याच्या डब्यात, पितळी बटणं आणि बंद पडलेल्या घड्याळांबरोबर असायची, मूठभर उचला आणि काय ते द्या. आता तिथे ओणवं होऊन कुणी विचारलं, की भाई, पिन नको, नुसती डबी आहे का, शुअरची, मोडकी चालेल, तर विक्रेता डब्याकडे वळत नाही. तो आतल्या कपाटाची किल्ली शोधतो.

"टूटा हुआ चाहिए? वो मिलेगा साब. मगर वो ओरिजिनल है. उसका रेट अलग है."